ट्रेलरमधली प्रयोगशाळा आणि १८० व्होल्ट: सर्ज प्रोटेक्टर घेण्याआधी

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली ऑगस्टमधली एक दुपार. जागा कोलोराडोच्या पूर्वेकडच्या सपाट मैदानातलं एक कॅम्पग्राउंड, आणि तिथे उभा केलेला आमच्या गटाचा जुना ट्रॅव्हल ट्रेलर. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचं छोटं घर. अमेरिकेत लोक ते गाडीमागे जोडून सुट्टीला जातात. आमच्यासारखे हवेची मोजमापं करणारे लोक आतला पलंग काढून तिथे यंत्रांचे रॅक बसवतात. मी लॅपटॉपवर ओझोनचे आकडे बघत होते. अचानक छतावरच्या एसीचा आवाज घशात काहीतरी अडकल्यासारखा खाली गेला, आणि त्याच क्षणी टेबलावरचा दिवा नेहमीपेक्षा जास्त उजळला. मी दिव्याकडे बघतच राहिले. मग जळक्या प्लास्टिकचा वास आला. ज्या पट्टीवर सगळी यंत्रं जोडली होती तिचा हिरवा दिवा विझला, आणि मिनिटाभरात पंप आणि कॅलिब्रेशनसाठी शुद्ध हवा तयार करणारं यंत्र, दोन्ही गेले.

पट्टी साधी नव्हती बरं का. खोक्यावर ठळक अक्षरांत 'सर्ज प्रोटेक्टर, २००० ज्यूल' असं लिहिलेलं होतं. मीच निवडली होती, आणि दोन हजार हा आकडा मोठा आहे म्हणून निवडली होती.

तुमच्यापैकी जे हवामान, पर्यावरण, भूभौतिकी किंवा शेतीशास्त्रात संशोधन करायला निघाले आहेत, ते आज ना उद्या यंत्रं घेऊन फील्डवर जाणार. तिथे वीज तुमच्या प्रयोगशाळेची नसते, दुसऱ्या कुणाची तरी असते. म्हणून त्या दुपारी नेमकं काय झालं आणि त्यानंतर आम्ही काय बसवलं, हे जरा सविस्तर सांगते.

आधी एक प्रश्न. दिवा उजळला, यंत्रं जळली, मग ब्रेकर का पडला नाही?

याचं उत्तर कळायला अमेरिकेतली जोडणी समजून घ्यावी लागते. तिथे घरगुती वीज १२० व्होल्टची. पण ट्रान्सफॉर्मरमधून येणारी मूळ वीज २४० व्होल्टची असते, आणि तिच्या बरोबर मध्यातून न्यूट्रल काढलेला असतो. म्हणजे दोन गरम तारा. प्रत्येकीपासून न्यूट्रलपर्यंत १२० व्होल्ट, एकमेकींमध्ये २४०. मोठ्या ट्रेलरला ५० अँपिअरची चार पिनांची जोडणी असते, तिच्यातून या दोन्ही तारा, न्यूट्रल आणि अर्थिंग असं सगळं आत येतं. लहान ट्रेलरला ३० अँपिअरची तीन पिनांची: एकच गरम तार, न्यूट्रल, अर्थिंग. नुसते आकडे बघून ५० म्हणजे ३० च्या पावणेदोन पट वाटतं, पण ३० वाल्यात ३६०० वॉट मिळतात आणि ५० वाल्यात दोन्ही तारा मिळून १२,००० वॉट.

आमचा ट्रेलर ५० अँपिअरचा. एका तारेवर एसी, दुसरीवर यंत्रं. कॅम्पग्राउंडच्या प्रत्येक जागेपाशी जमिनीत रोवलेली एक वीजपेटी असते, तिला पेडेस्टल म्हणतात. आमच्या पेडेस्टलमधला न्यूट्रलचा स्क्रू सैल होता. उन्हात तापून, थंडीत आक्रसून, शेकडो वेळा प्लग घातला-काढला गेल्यामुळे तो कधीतरी पूर्ण सुटला. न्यूट्रल गेला की वीज बंद पडत नाही, आणि हेच वाईट. दोन्ही तारांवरचे भार आता एकामागोमाग एक, म्हणजे सीरिजमध्ये, २४० व्होल्टवर लटकतात.

गणित अकरावीचं आहे, करून बघा. एसी १२ अँपिअर घेत होता, म्हणजे साधारण १० ओहम. यंत्रं मिळून ४ अँपिअर, म्हणजे ३० ओहम. सीरिजमध्ये ४० ओहम, २४० व्होल्ट, प्रवाह ६ अँपिअर. मग एसीला मिळाले ६० व्होल्ट आणि यंत्रांना १८०. प्रत्यक्षात एसी काही शुद्ध रोध नाही. कमी व्होल्टेजला कॉम्प्रेसर अडकून बसतो, त्याचा रोध आणखी घटतो आणि यंत्रांच्या वाट्याला १८० पेक्षाही जास्त येऊ शकतात. आणि ब्रेकर? तो प्रवाह बघतो, व्होल्टेज नाही. प्रवाह तर १२ वरून ६ वर आला होता. ब्रेकरच्या दृष्टीने सगळं छान चाललं होतं.

महाराष्ट्रात वाढलेल्यांना हे नवीन वाटू नये. 'खांबावरचा न्यूट्रल गेला आणि अख्ख्या चाळीचे टीव्ही उडाले' हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे. तिथे तीन फेज असतात, त्यामुळे २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळ जाता येतं, एवढाच फरक. मी हे लहानपणी आमच्या गल्लीत बघितलं होतं, तरी ट्रेलरमध्ये दिवा उजळला तेव्हा माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. असो.

आता त्या पट्टीकडे येऊ. तिच्या आत, आणि जवळपास प्रत्येक सर्ज प्रोटेक्टरच्या आत, नाण्याएवढ्या चकत्या असतात: मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर. झिंक ऑक्साइडच्या बारीक कणांची भाजलेली सिरॅमिक. जपानच्या मात्सुशिता कंपनीतल्या मिचिओ मात्सुओका यांनी १९७१ मध्ये तिच्या गुणधर्मांवर शोधनिबंध लिहिला. गंमत कणांमध्ये नाही, कणांच्या सीमांमध्ये आहे. दोन कणांमधली प्रत्येक सीमा साधारण ३ व्होल्टपर्यंत वीज अडवते आणि त्यापुढे एकदम दार उघडते. चकतीच्या जाडीत अशा साठ-सत्तर सीमा ओळीने आल्या की सुमारे २०० व्होल्टला उघडणारं दार तयार. १२० व्होल्टच्या वीजप्रवाहाचं शिखर १७० व्होल्टला असतं, म्हणजे एरवी दार बंदच. लाट आली की उघडणार, जास्तीचा प्रवाह बाजूला वळवणार, पुन्हा बंद.

लाट म्हणजे नेमकी केवढी? सर्ज प्रोटेक्टरसाठी अमेरिकेत यूएल १४४९ हे मानक आहे. त्यातल्या चाचणीत ६००० व्होल्ट आणि ३००० अँपिअरची कृत्रिम लाट सोडतात. प्रवाह ८ मायक्रोसेकंदांत चढतो आणि २० मायक्रोसेकंदांच्या आसपास निम्म्यावर येतो. या वेळी चकतीवर समजा ४०० व्होल्ट आहेत. ३००० गुणिले ४०० गुणिले २० मायक्रोसेकंद, म्हणजे सुमारे २४ ज्यूल. दोन हजार ज्यूलच्या पट्टीने कागदोपत्री अशा ऐंशी लाटा झेलायला हव्यात.

आता तोच हिशोब आमच्या दुपारचा. १८० व्होल्टच्या प्रवाहाचं शिखर २५४ व्होल्टला. दार प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला थोडं उघडं राहणार, सेकंदाला १२० वेळा. सरासरी एक अँपिअर जरी चकतीतून गेला तरी १८० वॉट. दोन हजार भागिले १८०, म्हणजे अकरा सेकंद.

ऐंशी विजेच्या लाटा, किंवा अकरा सेकंदांचा सुटलेला न्यूट्रल. मी ज्या आकड्यावर विश्वास ठेवून खरेदी केली होती, तो पहिल्या संकटासाठी होता. आमच्यावर आलं ते दुसरं. पट्टीने आपलं काम केलं, चकत्या तापल्या, आतला थर्मल फ्यूज उडाला, हिरवा दिवा गेला. पण आमच्या पट्टीत चकत्या गेल्या तरी पुढच्या सॉकेटना वीज मिळत राहण्याची सोय होती. संरक्षक आधी गेला, मग ज्यांचं रक्षण करायचं ती यंत्रं.

आणखी एक. ज्यूलचा आकडा यूएल तपासत नाही. कंपन्या सगळ्या चकत्यांची बेरीज करून तो छापतात. बघायचं असेल तर यूएल १४४९ च्या शिक्क्याशेजारी दिलेलं व्होल्टेज संरक्षण मूल्य बघा. १२० व्होल्टच्या उपकरणांत ते ३३० पासून सुरू होतं, जितकं कमी तितकं बरं. प्रत्येक मोठ्या लाटेनंतर चकती थोडी थकते, म्हणून पाच वर्षं उन्हात काढलेला प्रोटेक्टर आणि नवा प्रोटेक्टर यांच्या खोक्यावरचे आकडे सारखे असले तरी दोघं सारखे नसतात.

जळालेल्या यंत्रांची यादी करताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. लॅपटॉप वाचला. डेटालॉगर वाचला. ओझोन विश्लेषकही वाचला. तिन्हींच्या वीजपुरवठ्यावर '१००–२४० व्होल्ट' असं लिहिलेलं होतं. त्यांच्यासाठी १८० ही नेहमीच्या टप्प्यातली गोष्ट. मेले ते फक्त '११५ व्होल्ट' लिहिलेले, जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मर किंवा मोटार असलेले. तुमच्या रॅकवरच्या प्रत्येक यंत्राच्या पाठीमागची पाटी वाचा आणि एका कागदावर उतरवा. खर्च शून्य, वेळ अर्धा तास. हा कागद हातात आल्यावरच मी सरांना सांगू शकले की नेमकं कशाला संरक्षण हवंय.

मग घ्यायचं काय? ट्रेलरसाठी बाजारात दोन जातींची उपकरणं मिळतात, आणि दोन्हींना लोक 'सर्ज प्रोटेक्टर'च म्हणतात, हा सगळा घोळ. पहिल्या जातीत फक्त चकत्या आणि काही दिवे. दुसरीला ईएमएस म्हणतात. तिच्यात चकत्या असतातच, शिवाय व्होल्टेज सतत मोजणारं सर्किट आणि वीज तोडणारा मोठा रिले असतो. प्रोग्रेसिव्ह इंडस्ट्रीज, ह्यूज आणि साउथवायर यांची उपकरणं सगळ्यात जास्त दिसतात. ईएमएस महाग पडतं, साध्यापेक्षा दुप्पट-तिप्पट. आमचं मत विचाराल तर यंत्रांसाठी पहिली जात घेण्यात अर्थ नाही, कारण कॅम्पग्राउंडवर मायक्रोसेकंदांच्या लाटेपेक्षा मिनिटं-तास टिकणारं चुकीचं व्होल्टेज कितीतरी जास्त वेळा भेटतं.

ईएमएस काय करतं? जोडल्यावर लगेच वीज आत सोडत नाही. आधी बघतं: न्यूट्रल आहे का, अर्थिंग आहे का, गरम तार आणि न्यूट्रल उलटे तर नाहीत, व्होल्टेज मर्यादेत आहे का. सगळं ठीक असेल तर थोडा वेळ थांबून रिले ओढतं. पुढेही मोजत राहतं, आणि व्होल्टेज १०४ च्या खाली किंवा १३२ च्या वर जाऊन टिकलं की तोडतं. कंपनीनुसार या मर्यादांत एखाद-दुसऱ्या व्होल्टचा फरक असतो. न्यूट्रल सुटला की एका तारेवर व्होल्टेज वर, दुसरीवर खाली. ईएमएसला दोन्ही दिसतं.

त्या ३० अँपिअरच्या तीन पिनांच्या सॉकेटचा एक जुना विनोद आहे, पण जीवघेणा. ते दिसायला कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या २४० व्होल्टच्या सॉकेटसारखं असतं. ट्रेलरशी संबंध नसलेला एखादा इलेक्ट्रिशियन मग त्यात सवयीने २४० जोडून जातो. घराच्या आवारात किंवा विद्यापीठाच्या शेतावर ट्रेलरसाठी 'नवीन पॉइंट' काढून घेतला असेल तर पहिल्यांदा मल्टिमीटर लावल्याशिवाय काहीही जोडू नका.

खालची मर्यादा कशाला, असं वाटेल. कमी व्होल्टेजने काय बिघडतं? हीटर नुसता मंद चालेल. पण एसीची मोटार तेवढंच काम करायला जास्त प्रवाह ओढते, तापते, आणि अडकली तर जळते. उन्हाळ्यातल्या दुपारी कॅम्पग्राउंडवरचे सगळे एसी एकदम चालू असतात, म्हणून व्होल्टेज तेव्हाच पडतं जेव्हा तुम्हाला एसी सगळ्यात जास्त हवा असतो. त्यात आपण स्वतःही भर घालतो. ३० अँपिअरच्या दहा गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ३.३ ओहम. तीस मीटर लांब एक्स्टेन्शन टाकली तर जाऊन-येऊन साठ मीटर, ०.२ ओहम, २५ अँपिअरला ५ व्होल्ट तिथेच गेले. पेडेस्टलवर १०८ असतील तर ट्रेलरमध्ये १०३, आणि ईएमएस तोडणार. दोष ईएमएसचा नाही. आपल्याकडे फ्रिजला स्टॅबिलायझर लावतात तसा इथेही ट्रेलरसाठी व्होल्टेज चढवणारा ऑटोट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो पेडेस्टलमधून आणखी प्रवाह ओढतो, म्हणून काही कॅम्पग्राउंडवाले नाक मुरडतात. आम्ही घेतला नाही. भर दुपारी कॅलिब्रेशन करणं बंद केलं आणि एसीचं तापमान दोन अंशांनी वाढवलं.

अर्थिंगबद्दल मात्र कुठलीही तडजोड नको, कारण तिथे यंत्राचा नाही, माणसाचा प्रश्न आहे. ट्रेलर रबरी टायरांवर उभा असतो. पेडेस्टलमधली अर्थिंगची तार तुटलेली असेल तर त्याचं धातूचं अंग हवेत तरंगतं. यंत्रांच्या वीजपुरवठ्यात गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते गरम तार आणि अर्थिंग यांच्यात थोडी वीज झिरपू देतात. मग ट्रेलरच्या दाराच्या कडीवर ६० व्होल्टच्या आसपास दिसतात, आणि हात लावल्यावर मुंग्या येतात. मुंग्याच येताहेत म्हणून हसण्यावारी नेऊ नका. त्याच अवस्थेत आतल्या एखाद्या तारेचं आवरण घासून ती पत्र्याला टेकली की कडीवर पूर्ण १२० व्होल्ट, आणि ओल्या गवतात उभा राहून दार उघडणारा माणूस हाच अर्थिंगचा रस्ता. चकत्यांचंही तेच: अर्थिंगकडे वळवायची लाट अर्थिंगच नसेल तर जाणार कुठे? अशा पेडेस्टलला ईएमएस वीज नाकारतं. तेव्हा 'एवढं एकदा चालवून घेऊ' म्हणून ते वगळून थेट जोडण्याचा मोह होतो. माझ्यासमोर एका सहकाऱ्याने तो बोलून दाखवला होता. आम्ही जागा बदलून घेतली.

आता बसवणं. ईएमएस दोन रूपांत येतं. एक पेडेस्टलवर लटकवायचं, सुटं. दुसरं ट्रेलरच्या आत कायमचं जोडायचं. सुटं आज घ्या, आज लावा, पुढच्या वर्षी दुसऱ्या ट्रेलरला न्या. पण ते पावसात राहतं, चोरीला जातं, आणि घाईत लावायचं राहून जातं. आतलं विसरता येत नाही. आमच्या यंत्रांची किंमत आणि विद्यार्थ्यांची ये-जा बघता आम्ही आतलं घेतलं. ट्रेलर ज्या क्षमतेचा त्याच क्षमतेचं घ्यायचं. ५० च्या ट्रेलरला ५० चं. कधी ३० च्या पेडेस्टलवर जावं लागलं तर अडॅप्टर त्याच्या आधी येतो.

जागा कुठली? बाहेरची केबल ट्रेलरमध्ये शिरते तिथून मुख्य वीजपेटीपर्यंतच्या वाटेवर. ट्रेलरमध्ये स्वतःचा जनरेटर असेल तर वाटेत एक ट्रान्सफर स्विच असतो. ईएमएस त्याच्या पुढे, म्हणजे वीजपेटीच्या बाजूला बसवलं तर जनरेटरच्या विजेवरही लक्ष राहतं, पण स्विच उघडा पडतो. अलीकडे बसवलं तर उलट. आमच्याकडे जनरेटर सुटा, त्यामुळे प्रश्न आला नाही. गॅसच्या टाक्यांच्या कप्प्यात ते कधीही बसवू नका, रिलेच्या संपर्कांत ठिणगी पडते.

जोडणी विद्यापीठाच्या सुरक्षा विभागाने नेमलेल्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनने केली, आणि ते योग्यच होतं. पण शेजारी उभं राहून बघा. भारतातून आलेल्यांनी तर डोळे उघडे ठेवून बघा, कारण एक गोष्ट आपल्या हाताच्या सवयीत उलटी बसलेली असते. आपल्या जुन्या जोडण्यांत लाल, पिवळी, निळी फेज आणि काळी न्यूट्रल. अमेरिकेत काळी तार गरम, दुसरी गरम तार लाल, आणि न्यूट्रल पांढरी. अर्थिंग हिरवी किंवा उघडी तांब्याची. मी सवयीने काळ्या तारेला 'ही न्यूट्रल ना?' म्हणाले, तेव्हा त्या इलेक्ट्रिशियनने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि मला आधी सगळ्या तारा ओळखायला लावल्या.

आधी पेडेस्टलचा ब्रेकर बंद, केबल काढलेली, जनरेटर बंद, बॅटरीवरचा इन्व्हर्टरही बंद, आणि मग मीटरने खात्री. ५० अँपिअरला सहा गेजची तांब्याची तार, ३० ला दहा. टर्मिनलवर किती जोर लावायचा हे खोक्यावर लिहिलेलं असतं, तेवढाच, टॉर्क स्क्रूड्रायव्हरने. ट्रेलर रस्त्यावर तासन्तास थरथरतो, अंदाजाने आवळलेला स्क्रू सुटतो, आणि आपली सगळी कथा एका सुटलेल्या स्क्रूपासूनच सुरू झाली होती. सैल सांध्यावर ०.१ ओहमचा रोध आला तर २५ अँपिअरला तिथे ६२ वॉट उष्णता निर्माण होते, म्हणजे प्लास्टिकच्या पेटीत सोल्डरिंग आयर्न ठेवल्यासारखं. म्हणून दर मोसमाच्या सुरुवातीला वीज बंद करून सगळे स्क्रू पुन्हा तपासायचे.

आणि ट्रेलरच्या वीजपेटीत न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडायचे नाहीत. ती जोडणी बाहेर, मुख्य पुरवठ्याच्या ठिकाणी, एकदाच झालेली असते.

याच नियमामुळे सुट्या जनरेटरवर गंमत होते. बऱ्याच छोट्या इन्व्हर्टर जनरेटरांत न्यूट्रल कशालाच जोडलेला नसतो. ईएमएसला वाटतं अर्थिंग नाही, आणि ते वीज नाकारतं. त्यासाठी न्यूट्रल-अर्थिंग जोडणारा एक छोटा प्लग मिळतो, तो जनरेटरच्या मोकळ्या सॉकेटमध्ये घालतात. आमच्या प्लगवर लाल चिकटपट्टी आहे आणि तो जनरेटरच्याच पिशवीत राहतो, दुसरीकडे कुठेही लावायचा नाही.

लाटांविरुद्धचं संरक्षण शेवटी तारेच्या लांबीवरही ठरतं, हे बहुतेक जण विसरतात. सरळ तारेचं इंडक्टन्स मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री. ३००० अँपिअर ८ मायक्रोसेकंदांत चढले तर मीटरमागे सुमारे ३७५ व्होल्ट तारेवरच पडतात. म्हणून वेगळा लाट-संरक्षक लावणार असाल तर त्याच्या तारा वीतभर ठेवा, वेटोळं करून ठेवू नका. आणि जवळच पडलेल्या विजेला यातलं काहीही पुरत नाही. त्या मैदानावर उन्हाळ्यात दुपारी ढग जमतातच. गडगडाट ऐकू आला की केबल काढायची, यंत्रं बंद. त्यात आम्हाला एकदा शिकायला मिळालं ते असं, की केबल काढली तरी दहा मीटर उंच खांबावरच्या वाऱ्याच्या सेन्सरची तार डेटालॉगरमध्येच राहिली होती. वीज वीजपेटीतूनच आली पाहिजे असा काही नियम नाही. आता सेन्सरच्या तारांनाही वेगळे संरक्षक आहेत, आणि वादळात तोही कनेक्टर काढतो.

मुक्कामावर पोचल्यावरची आमची पद्धत अशी. पेडेस्टलचा ब्रेकर बंद करून सॉकेट बघायचं: काळं पडलंय का, वितळलंय का. मग ब्रेकर चालू करून मल्टिमीटर. गरम ते न्यूट्रल १२०, दोन गरम तारांत २४०, गरम ते अर्थिंग १२०, न्यूट्रल ते अर्थिंग शून्याच्या जवळ. ब्रेकर पुन्हा बंद, केबल जोडायची, ब्रेकर चालू. ईएमएस दोनेक मिनिटं मोजत थांबतं, कारण नुकत्याच बंद झालेल्या एसीच्या कॉम्प्रेसरमधला दाब उतरायला वेळ लागतो आणि लगेच चालू केला तर तो अडकतो. या दोन मिनिटांत बटणं दाबत बसू नका.

संशोधनासाठी एक जोड मात्र हवीच. ईएमएस वीज तोडतं म्हणजे यंत्रं अचानक बंद होतात, आणि ते रात्री तीन वाजताही तोडेल. डेटालॉगर आणि विश्लेषक यूपीएसवर ठेवा, पंप आणि एसी नको. विश्लेषक वीज आल्यावर आपोआप सुरू होतो का, हे प्रयोगशाळेतच प्लग काढून बघा. सुरू झाला तरी त्यातला दिवा तापून स्थिर व्हायला वेळ लागतो, तेवढा डेटा वगळायचा. आम्ही ईएमएसचं व्होल्टेज आता दर मिनिटाला लॉगरमध्ये घेतो. त्या पहिल्या मोहिमेतला अकरा दिवसांचा डेटा मी प्रबंधात घेतलेला नाही, कारण न्यूट्रल पूर्ण सुटण्याआधी किती दिवस तो सैल होता आणि त्या काळात पंपाचा वेग किती बदलत होता, हे सांगायला माझ्याकडे व्होल्टेजचा एकही आकडा नव्हता.

यंदाच्या मोहिमेत ईएमएसने चार वेळा वीज तोडली. तीन वेळा कमी व्होल्टेज, तिन्ही दुपारी. चौथी नोंद पहाटेची आहे, एका तारेवर १३४ आणि दुसरीवर १०५. आम्ही कॅम्पग्राउंडच्या ऑफिसात जाऊन सांगितलं, त्यांचा माणूस आला, पेडेस्टल उघडलं आणि न्यूट्रलचा स्क्रू दीड फेरा आवळला.